नाटकाला कॉर्डलेस माईक लावताना: रिसीव्हर कुठे, लेपल कुठे, फेडरवर कोण

नाटकात कॉर्डलेस माईकने दगा दिला की माईकच्या सेटला नावे ठेवली जातात. बहुतेक वेळा घडलेले असते वेगळेच. रिसीव्हर (माईकच्या लहरी पकडणारा डबा) प्रेक्षकांच्या मागे मिक्सरशेजारी ठेवलेला असतो, लेपल (अंगावर लावायचा छोटा माईक) पदराखाली दबलेला असतो, नाहीतर फेडरवर (मिक्सरवरच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीवर) बसलेल्या माणसाने संहिता एकदाही वाचलेली नसते. या तीन गोष्टी जमल्या तर भाड्याने आणलेला मध्यम किमतीचा सेटही दोन अंकी नाटक विनातक्रार पार पाडतो. पुढची माहिती हौशी संघांसाठी आहे. प्रयोग जळगावच्या छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात असो, धुळ्याच्या राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिरात असो, की गावच्या यात्रेत मंडपाखाली, तत्त्वे तीच राहतात. उघड्यावर काळजी जास्त घ्यावी लागते, एवढाच फरक.

आधी माईक मोजा

प्रत्येक नटाला माईक हवाच असे नाही. बंदिस्त नाट्यगृहात ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्याला रंगमंचाच्या पुढच्या कडेवर ठेवलेले दोन-तीन चपटे फ्लोअर माईक पुरतात. कॉर्डलेस लागतो तो गाणाऱ्याला, खालच्या पट्टीत बोलणाऱ्याला, लहान मुलाला आणि पाठमोरे संवाद असलेल्या पात्राला. मैदानात मात्र बोलणाऱ्या प्रत्येक पात्राला माईक द्यावाच लागतो.

संहिता घेऊन एका कागदावर उभ्या ओळीत प्रवेश आणि आडव्या ओळीत पात्रे मांडा. कोणत्या प्रवेशात कोण बोलतो तिथे खूण करा. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बोलतात तो आकडा म्हणजे तुमची खरी गरज. नऊ पात्रांचे नाटक बऱ्याचदा सहा माईकांत बसते, कारण पहिल्या अंकातला सावकार दुसऱ्या अंकात येतच नाही. त्याचा माईक दुसऱ्याला देता येतो. मात्र अदलाबदलीसाठी विंगेत किमान चार-पाच मिनिटे मिळत असतील तरच हे ठरवा. घाईत चिकटवलेला लेपल हमखास निसटतो.

माईक वाढवण्याची किंमतही मोजावी लागते. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी (स्पीकर बॉक्समधला आवाज परत माईकमध्ये शिरून होते ती) वाजण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. एक माईक उघडा असताना जेवढा आवाज चढवता येतो, त्यापेक्षा आठ उघडे असताना ९ डेसिबल कमी चढवता येतो. म्हणून आठ माईक लावले तरी एका क्षणी दोन-तीनच उघडे ठेवायचे. हे काम फेडरवाल्याचे आहे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

सेट घेताना

भाड्याने घेताना पहिला प्रश्न विचारा: सेट कोणत्या मेगाहर्ट्झवर चालतो? उत्तर ट्रान्समीटरच्या (नटाच्या अंगावरून आवाज पाठवणाऱ्या डबीच्या) मागच्या लेबलवर छापलेले असते. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा काही भाग जिओने घेतला. हा पट्टा, म्हणजे ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ, आता मोबाईलसाठी आहे. या पट्ट्यातला जुना सेट तालमीत छान चालेल आणि सभागृहात पाचशे फोन आले की खरखरू लागेल. ८२४ ते ८४४, ८६९ ते ८८९, ८९० ते ९१५ आणि ९३५ ते ९६० हे पट्टेही मोबाईलचेच आहेत. ५०० ते ६९० च्या दरम्यानचा, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा आणि केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी लहरींचे परवाने बघणाऱ्या) शाखेची मान्यता असलेला सेट मागा.

एकाच फ्रिक्वेन्सीवर कायम बसवलेले स्वस्त सेट गणपतीत फार त्रास देतात. शेजारच्या मंडळाकडेही तोच सेट असतो, आणि त्यांच्या निवेदकाचा आवाज तुमच्या नायिकेच्या चॅनेलवर येतो.

रील आणि मुलाखतींसाठी मिळणारे छोटे क्लिपचे माईक नाटकाला वापरू नका. ते २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात चालतात, आणि या लहरी माणसाच्या शरीराआड लगेच अडतात. नट वळला की आवाज तुटतो. शिवाय आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो, तो वेगळाच.

लेपल बदलून मागवताना जॅक बघा. शुअर कंपनीच्या ट्रान्समीटरला चार पिनांचा छोटा जॅक लागतो, एकेजीला तीन पिनांचा, आणि सेनहायझरला आट्यांनी फिरवून बसणारा ३.५ मिलीमीटरचा. एकाचा लेपल दुसऱ्याला चालत नाही. जॅक कापून जोडला तरी आतली जोडणी वेगळी असते.

रिसीव्हर विंगेत, मिक्सर मागे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मिक्सर प्रेक्षकांच्या मागे असतो, म्हणून रिसीव्हरही तिथेच मांडले जातात. मग ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्यामध्ये पंचवीस-तीस मीटर अंतर आणि भरलेले सभागृह येते. माणसाच्या शरीरात पाणी जास्त असल्याने ते या लहरी शोषून घेते. रिकाम्या सभागृहात पाच काड्या दाखवणारा सिग्नल तिसऱ्या घंटेनंतर दोन काड्यांवर उतरतो, त्याचे कारण हेच.

रिसीव्हर विंगेत ठेवा. तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर वायर (माईकची तीन पिनांची वायर) किंवा स्नेक (अशा अनेक वायरींचा जुडगा) टाका. संतुलित एक्सएलआर वायरवर पन्नास मीटरमध्येही आवाज बिघडत नाही. उलट अँटेनाच वायर लावून पुढे न्यायची म्हटले तर आरजी-५८ सारख्या बारीक वायरमध्ये दहा मीटरलाच निम्म्याहून जास्त सिग्नल मरतो. अँटेना लांबवावीच लागली तर ५० ओहमची जाड, कमी गळतीची वायर घ्या. केबल टीव्हीची वायर ७५ ओहमची असते, ती नको.

अँटेना नटांच्या डोक्यापेक्षा वर, दोन ते अडीच मीटर उंचीवर असाव्यात. रिसीव्हरचा रॅक टेबलावर ठेवलात तर टेबल उंच घ्या किंवा अँटेना स्टँडवर काढा. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, ४५ अंशांत तिरक्या उघडा. एक लोखंडी खांबाआड गेली तरी दुसरी पकडते. दोन अँटेनांचा सेट घ्यायचा तो यासाठीच. अँटेना नटाच्या वाटेपासून दोन-तीन मीटर दूर ठेवा. ट्रान्समीटर अगदी जवळून गेला तरी रिसीव्हर भांबावतो. एलईडी पडदा, डिमर (लाइट कमी-जास्त करणारे यंत्र) आणि जनरेटर यांच्यापासूनही लांब राहा. पत्र्याचा मंडप असेल तर अँटेना पत्र्याला टेकू देऊ नका.

फ्रिक्वेन्सी सारख्या अंतराने लावू नका

दोन ट्रान्समीटर एकत्र चालले की त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच ठिकाणी भुताटकी सिग्नल तयार होतात. समजा पहिला माईक ६००.० वर आहे आणि दुसरा ६००.४ वर. दुसऱ्याची दुप्पट करून पहिला वजा करा: ६००.८. तिसरा माईक तुम्ही नीटनेटकेपणाने ६००.८ वरच लावला, तर त्यावर चिवचिव येणारच. म्हणून अंतरे मुद्दाम असमान ठेवायची. हातांनी गणित करण्यापेक्षा सेटमध्ये कंपनीने दिलेला एकच ग्रुप निवडा आणि त्यातलेच चॅनेल सगळ्या माईकना द्या. ते गणित त्यांनी आधीच केलेले असते. दोन वेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र आले तर हा आधार सुटतो, त्यामुळे शक्यतो सगळे माईक एकाच मालिकेचे घ्या.

क्रम असा ठेवा. आपले सगळे ट्रान्समीटर बंद करा, पण लाइट, एलईडी पडदा, धुराचे मशीन, वायफाय सगळे चालू ठेवा. रिसीव्हरवर स्कॅन करा. मोकळा चॅनेल पहिल्या माईकला द्या, तो चालू करा आणि चालूच ठेवा. मग दुसरा, मग तिसरा. सगळे लागले की उलट तपासणी करा: एकेक ट्रान्समीटर बंद करून त्याच्या रिसीव्हरचा सिग्नल शून्यावर येतो का बघा. ट्रान्समीटर बंद असूनही काड्या दिसल्या तर तिथे दुसऱ्यांचे मिश्रण पडते आहे. तो चॅनेल बदला.

यानंतर चालण्याची चाचणी. एक जण ट्रान्समीटर कमरेला लावून, अंक मोजत, रंगमंचाच्या चारही कोपऱ्यांत, नेपथ्याच्या मागे आणि विंगेपर्यंत फिरतो. रिसीव्हरकडे पाठ करूनही उभा राहतो. दुसरा काड्या बघतो. ज्या जागी सिग्नल पडतो तिथे खडूने खूण करा आणि अँटेना सरकवून पुन्हा बघा. जादा ठेवलेला ट्रान्समीटर दुसऱ्याच्याच फ्रिक्वेन्सीवर असेल तर त्याचे सेल काढून ठेवा. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की दोन्ही आवाज जातात.

लेपल बसवणे

तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. ओठाच्या कोपऱ्यापासून ५ सेंटीमीटरवर गालाला लावलेला माईक आणि २० सेंटीमीटरवर छातीला लावलेला माईक यांत १२ डेसिबलचा फरक येतो. छातीवरच्या लेपलची दुसरी अडचण मानेची: नटाने मान डावीकडे वळवली की आवाज एकदम उतरतो. सभेतल्या वक्त्याला छातीवरचा लेपल ठीक आहे, नाटकाला नाही.

नाटकासाठी उत्तम जागा कपाळाच्या मध्यावर, केसांच्या रेषेत. मान कशीही वळली तरी तोंडापासूनचे अंतर तेच राहते. सगळ्या दिशांनी सारखे ऐकणारा, म्हणजे ओम्नी कॅप्सूलचा (कॅप्सूल म्हणजे आवाज पकडणारे टोक) लेपल घ्या. केस कमी असतील तर कानावरून गालावर आणा. गाणारा कलावंत असेल आणि खानदेशी वहीगायनासारखी (ही लोककला) डफ-ढोलकी शेजारीच वाजत असेल, तर कपाळावरचा माईक ढोलकीच जास्त उचलतो. तिथे गालावरचाच घ्या.

अंबाडा आणि नऊवारी असलेल्या नटीला माईक लावण्याची रीत सविस्तर सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त अडचणी येतात. रंगभूषेच्या आधी सुरुवात करा. तेलकट बेसवर पट्टी टिकत नाही. त्वचेवर जिथे पट्टी लागणार, तिथे कापसावर स्पिरिट घेऊन पुसा आणि वाळू द्या. लेपलची वायर मानेमागून वर घेऊन भांगातून पुढे आणा. कॅप्सूल कपाळाच्या त्वचेवर न ठेवता, केसांच्या कडेत चार-पाच मिलीमीटर आत ठेवा. तिथे दोन छोटे केसांचे क्लिप, मागे डोक्याच्या मध्यावर एक आणि अंबाड्याच्या बुडाशी एक, असे वायर धरतात. मानेवर मेडिकल टेपची पट्टी लावा, पण तिच्या वर वायरचा बोटभर सैल फास सोडा, म्हणजे मान खाली झुकली तरी वायर ताणत नाही. कागदी टेप घामात सुटतो. पारदर्शक, छिद्रांचा प्लास्टिक मेडिकल टेप टिकतो. वेणी किंवा गजरा कॅप्सूलपासून दूर. मोठे झुमके असतील तर गालावरचा माईक नकोच, प्रत्येक हालचालीला टकटक येते. पावडर आणि हेअरस्प्रे मारताना कॅप्सूलवर कागद धरा, स्प्रेने जाळी बुजते.

आता ट्रान्समीटर. नऊवारीचा काष्टा पाठीच्या मध्यावर खोचलेला असतो, तिथे ट्रान्समीटर बसत नाही. एक तर कमरेच्या बाजूला, नाहीतर ब्लाउजच्या आत दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये शिंप्याकडून शिवून घेतलेल्या कापडी खिशात. धोतर-बंडीवाल्या नटाला तीन इंच रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवून घ्या, त्याला झाकणाचा खिसा. मारामारीत पाठीवर पडायचे असेल तर ट्रान्समीटर बाजूला सरकवा. अँटेना सरळ राहिली पाहिजे. ६०० मेगाहर्ट्झला तिची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर लागते. ती गुंडाळली, दुमडली किंवा घामेजल्या कातडीला चिकटली की पल्ला अर्धाही उरत नाही. लेपलची वायर अँटेनाभोवती गुंडाळू नका.

गांधी टोपीवाल्या पात्राला टोपीच्या पुढच्या कडेखाली तीन-चार मिलीमीटर कॅप्सूल डोकावेल असा माईक आतून चिकटवता येतो. नाटकात तो टोपी काढतो का, ते आधी संहितेत बघा.

घाम आणि उन्हाळा

चैत्र-वैशाखातल्या यात्रांमध्ये प्रयोग असतो तेव्हा जळगाव-भुसावळकडे दिवसा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि रात्री मंडपात लाइटच्या उष्णतेत नट भिजून निघतो. घामाचा एक थेंब कॅप्सूलच्या जाळीवर बसला की आवाज एकदम कोंदट होतो, उशी तोंडावर धरल्यासारखा. तो आवाज ओळखायला शिका. इक्वलायझरने (मिक्सरवर आवाजातले जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) तो दुरुस्त होत नाही. नट विंगेत आला की जाळीची टोपी काढून टिश्यूने टिपा आणि कोरडी जादा टोपी लावा. गरम हवेचा ड्रायर मारू नका, आतला पडदा खराब होतो.

थेंब वायरवरून ओघळत कॅप्सूलपर्यंत येतो. त्याला अडवायला कॅप्सूलच्या बोटभर मागे वायरवर दोऱ्याची घट्ट गाठ मारा. ट्रान्समीटरला छोट्या झिपच्या पिशवीत घालून अँटेना आणि वायर बाहेर काढा. व्यावसायिक रंगभूमीवर वंगण नसलेला कंडोम चढवण्याचीही पद्धत आहे आणि तो पिशवीपेक्षा चांगला घट्ट बसतो. नदीपात्रातल्या यात्रेत धुळीचा आणि वाऱ्याचा त्रास असतो. तिथे कॅप्सूलवर छोटा स्पंज हवाच.

सेल आणि वीज

दोन पेन्सिल सेलचे आठ ट्रान्समीटर म्हणजे सोळा सेल. प्रत्येक प्रयोगाला नवे अल्कलाइन सेल घाला, किंवा २००० एमएएचच्या आसपासचे रिचार्जेबल. साधे, हेवी ड्यूटी लिहिलेले स्वस्त सेल मध्यंतराआधीच बसतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि अल्कलाइन १.५ चा, त्यामुळे ट्रान्समीटरच्या मेनूत सेलचा प्रकार निवडला नाही तर सेलची पट्टी खोटे बोलते. तालमीचे सेल प्रयोगाला वापरायचे नाहीत. वापरलेला सेल लगेच वेगळ्या डब्यात.

वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्याने डिजिटल मिक्सर बंद पडला तर पुन्हा उठायला बराच वेळ घेतो आणि नाटक थांबते. रिसीव्हर आणि मिक्सरला संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस लावा. त्यांना वीज फार लागत नाही. अँप त्यावर टाकू नका. लाइटचे डिमर आणि आवाजाची लाइन वेगवेगळ्या फेजवर घ्या, घूं असा आवाज बराचसा तिथेच जातो.

आवाज बसवणे

सुरुवात ट्रान्समीटरच्या गेनपासून (माईकचा आवाज किती उचलायचा ते ठरवणारी सोय). नटाला नुसते ‘हॅलो, चेक’ म्हणायला लावू नका. त्याचा नाटकातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा संवाद, त्याच त्वेषात, दोनदा म्हणायला सांगा. त्यावेळी रिसीव्हरचा लाल दिवा पेटता कामा नये. त्याच्या खाली थोडी मोकळीक ठेवा. तालमीत नट हातचे राखून बोलतात आणि प्रयोगात चढतात. इथे फाटलेला आवाज पुढे मिक्सरवर शिवता येत नाही.

मग मिक्सर. पुरुषाच्या आवाजाला १०० हर्ट्झखाली आणि स्त्रीच्या आवाजाला १५० हर्ट्झखाली लो कट (त्याखालचे जाड स्वर कापणारी सोय) द्या. कपड्याची सळसळ आणि पायांची धडधड यात कापली जाते. छातीजवळच्या माईकचा घुमारा ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, तिथे ३-४ डेसिबल कमी करा. कपाळावरच्या माईकला शब्द उठून येण्यासाठी ३ ते ५ किलोहर्ट्झवर थोडेसे वाढवावे लागते. शिट्टी शोधायला एकेक माईक हळूहळू चढवा, कुठली फ्रिक्वेन्सी कोकलते ते ग्राफिक इक्वलायझरवर पकडून तेवढीच खाली घ्या. तीन-चारपेक्षा जास्त ठिकाणी कापावे लागत असेल तर इक्वलायझर सोडा आणि बॉक्सची जागा बदला. बॉक्स नटांच्या पुढेच हवेत, मागे कधीच नाही. मैदानात मागच्या लोकांसाठी २० मीटरवर दुसरे बॉक्स उभे केले तर त्यांना सुमारे ५८ मिलिसेकंदांचा डिले (मुद्दाम उशीर) द्या, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

फेडरवर बसणारा

हा माणूस किमान चार तालमींना हजर हवा. त्याच्या संहितेत प्रत्येक पानाच्या समासात माईकचे क्रमांक हवेत: कोण उघडायचा, कोण बंद. संवाद सुरू होण्याच्या अर्धा श्वास आधी फेडर वर आणि शेवटचा शब्द संपल्यावर खाली. एक्झिट झाली की ताबडतोब बंद, नाहीतर विंगेतले बोलणे सभागृहात ऐकू येते.

दोन नट मिठी मारतात किंवा एकमेकांच्या कानाशी बोलतात, त्या प्रवेशाला संहितेत लाल खूण करा. एकच आवाज दोन माईकांत थोड्या वेळाच्या फरकाने शिरतो आणि पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. तिथे एक माईक पूर्ण बंद करून दोघांना एकाच माईकवर चालवायचे.

नटांनी ट्रान्समीटरच्या बटणाला हात लावायचा नाही. ‘भाऊ, ताई, बटण आमच्याकडे’ हे पहिल्याच दिवशी सांगा, बटण लॉक करा आणि वर चिकटपट्टी लावा. ट्रान्समीटर बंद झाला की रिसीव्हर मोकळा होतो आणि बाहेरची खरखर आत घेऊ शकतो. म्हणून चालू करताना आधी चॅनेल म्यूट, मग रिसीव्हर, मग ट्रान्समीटर. बंद करताना आधी म्यूट, मग ट्रान्समीटर.

विंगेत एक जण फक्त माईकसाठी हवा. त्याच्या कानाला हेडफोन, कमरेच्या पिशवीत टेप, कात्री, टिश्यू, स्पिरिट, जाळीच्या जादा टोप्या, दोन जादा लेपल आणि सेल. प्रत्येक एन्ट्रीच्या आधी तो त्या नटाचा माईक ऐकून बघतो. चालू प्रयोगात लेपल मेलाच तर फेडरवाल्याने तो बंद करून पुढच्या कडेचे फ्लोअर माईक उघडायचे, आणि नटाने दोन पावले पुढे येऊन बोलायचे. हा बदल रंगीत तालमीत एकदा मुद्दाम करून बघा.

प्रयोग संपल्यावर सेल आधी काढा. वायर ओलसर फडक्याने पुसा, टेपचा चिकटा स्पिरिटने घालवा, पंख्याखाली वाळू द्या आणि सैल वेटोळे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. डबा उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नका. वायर तुटते ती जवळजवळ नेहमी जॅकच्या मानेशी किंवा कॅप्सूलच्या मागे. ज्या लेपलने एकदा जरी करकर केली असेल, त्याला लाल दोरा बांधून वेगळा काढा आणि सोल्डर करून, हलवून तपासल्याशिवाय परत डब्यात टाकू नका.